डाव्या कानाची बुगडी

"थांबा जरा. आधी हे गिऱ्हाईक," असं म्हणत अण्णासाहेब तळगावकरांनी फिरोजने लावलेला फोटोचा मोठा दिवा स्वतःच्या हाताने बंद केला.

गिऱ्हाईक तीन महिन्यांचं होतं आणि आजीच्या मांडीवर होतं. अण्णासाहेब तेव्हा बहात्तर वर्षांचे. कोल्हापूरच्या गुजरीतल्या आपल्या सराफी दुकानात ते बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी तान्ह्या पोरांचे कान टोचत. त्याबद्दल एक नारळ आणि पान-सुपारी, एवढंच घेत. त्यांनी गल्ल्याशेजारच्या खणातून एक चपटी पितळी डबी काढली. आत सुटे मोती होते. डबी बाळाच्या डाव्या कानापाशी नेऊन त्यांनी खुळखुळवली. बाळाने आवाजाकडे मान वळवली, उजवा कान आपसूक समोर आला आणि सोन्याची तार आरपार गेली. दुसऱ्या कानाला डबीचा उपयोग नव्हता. तोवर बाळ रडायला लागलं होतं.

"हिचं कान बी अण्णांनीच टोचलं हुतं," फोटोसाठी बसलेल्या लेकीकडे बोट करून ऊर्मिलाची आई मला म्हणाली. "ह्याच गादीवर."

"मग रडली असेल."

"हिला कवा रडताना बघितलंय का कुणी?"

ऊर्मिला हसली. ती समोरच्या स्टुलावर बसली होती. हिरवं लुगडं, अंबाड्याइतके केसच नसल्यामुळे मागे घट्ट बसवलेल्या पिना, आणि चोळीच्या बाहीत न मावणारे दंड. तिच्या डाव्या बाजूला, अगदी खांद्याला खांदा लावून, आई. गावात तिला सगळे आक्का म्हणत, मीही म्हणायला लागले होते. फोटोसाठी तिला बाजूला सरकायला सांगितलं की ती सरके आणि परत तिथेच येऊन उभी राही.

बुधवार, १४ सप्टेंबर २०११. बाळ गेलं, दिवा लागला आणि खरी अडचण सुरू झाली.

"डावी बाजू हवी," फिरोज कॅमेऱ्यामागून म्हणाला. ऊर्मिलाने मान वळवली आणि उजवी बाजू दिली.

"डावी."

आक्काने कोपराने ढोसलं. ऊर्मिला फिरली, डावी बाजू कॅमेऱ्याकडे आली. फिरोज म्हणाला, "हां, असंच राहू दे," आणि ती पुन्हा वळली. उजवा गाल पुढे.

"मॅडम, मी बोललो की ही वळते," फिरोज माझ्याकडे बघून म्हणाला. "गप्प राहून फोटो काढायचे का मी?"

"का हो ताई, उजवी बाजू वाईट हाय का माझी?" ऊर्मिलाने विचारलं.

"वाईट नाही. फलक चौकाच्या कोपऱ्यावर लागणार आहे. तुझं तोंड गुजरीच्या रस्त्याकडे हवं. लोकांनी तुझ्या नजरेबरोबर दुकानाकडे वळायला पाहिजे."

"मग फोटो उलटा करा की. पोरं मोबाईलवर करत्यात."

"उलटा केला तर पदर उजव्या खांद्यावर जातो," फिरोज म्हणाला. "लोक म्हणतील, तळगावकरांनी गुजरातची पोरगी आणली."

शेवटी मी उठले, तिची हनुवटी धरली आणि मान फिरवली. तेव्हा मला तिचा डावा कान पहिल्यांदा नीट दिसला.

कणकेचा गोळा मुठीत दाबून सोडावा तशी वरची सगळी कड झाली होती. जाड, घट्ट, वळ्या एकमेकींत मुरलेल्या. मी सहा वर्षं क्रीडापानावर काढली होती, कुस्तीत मोडलेले असे कान शेकड्यांनी पाहिले होते, पण पुरुषांचे. बुगडी कानाच्या वरच्या कडेला बसते. मी दाबाची बुगडी तिथे लावून पाहिली. ती निसटून माझ्या तळहातावर पडली. आक्काने पुढे होऊन पदराचा काठ लेकीच्या कानावर ओढला.

अण्णासाहेब पलीकडे एका जोडप्याला पाटल्या दाखवत होते. त्यांनी पाहिलं नव्हतं. मी फिरोजला डोळ्यांनी खुणावलं: काढ, पुढचं पुढे.

यात काय पणाला लागलं होतं, ते सांगायला हवं. त्या दसऱ्याला मुंबईच्या एका मोठ्या साखळीची शोरूम शहरात उघडणार होती आणि नाक्यानाक्यावर एका हिंदी नटीचे फलक लागले होते. मी दैनिकातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी शाहूपुरीत दोन खोल्यांत जाहिरातीचं काम सुरू केलं होतं. माणसं दोन, मी आणि फिरोज मुजावर. अण्णासाहेबांनी मला बोलावून विचारलं होतं, "साळवीबाई, आपली नटी कोण?"

"नटी नको. नटी दागिना घालते, उतरवते आणि विमानात बसते. गिऱ्हाईकाला ते ठाऊक असतं. आपला चेहरा भाजी घेताना भेटला पाहिजे."

"म्हणजे कोण?"

"ऊर्मिला खराडे."

"ती कुस्तीवाली? कागलकडची?" त्यांनी चष्मा काढला. "ती दागिने घालते?"

"नाही. म्हणूनच. जी एरवी काहीच घालत नाही तिने एक बुगडी घातली, तर लोक बुगडीकडे बघतील."

त्यांनी एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणाले. करार दोन वर्षांचा ठरला. ऊर्मिलाचा खुराक आणि स्पर्धांचा प्रवास दुकानाकडे. तिने दुसऱ्या कुठल्याही सराफाची जाहिरात करायची नाही.

ऊर्मिला एकवीस वर्षांची होती, एकोणसाठ किलोत दोनदा राज्य अजिंक्यपद मिळवलेली. तिच्या हसूरवाडीतल्या घरी मी कराराची गोष्ट घेऊन गेले तेव्हा वडील, आबा, कारखान्यावर गेले होते. ते जुने पैलवान आणि तिचे वस्ताद. बोलणी आक्काशीच झाली. तिने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "बाई, मी हिला दसऱ्यापतुर मुदत दिलीया. तोवर हिच्या खेळाचं कुणी बघणारं भेटलं तर ठीक. न्हाईतर कुस्ती बंद. दिवाळीनंतर पावणं येतील बघायला."

"आणि आबा?"

"त्यास्नी काय कळतंय. त्यास्नी पोरगी पडली न्हाई एवढं कळतंय."

ऊर्मिला दारात उभी राहून ऐकत होती. आईला तिने उलट उत्तर दिलं नाही. मला सोडायला ती रस्त्यापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "ताई, ह्ये जमवा. दसऱ्याच्या पुढं माझ्या हातात काय न्हाई."

म्हणून तो कान पाहिल्यावर माझ्या मनात जे आलं ते असं: ही मुलगी कान लपवते आहे. सारखी उजवी बाजू देते ती त्यासाठी. आई पदर ओढते ती त्यासाठी. अण्णासाहेबांनी पाहिलं तर ते म्हणतील, बुगडीची जाहिरात आणि बुगडी न बसणारा कान, आणि दसऱ्याची मुदत तशीच निघून जाईल. मुलीला विचारणंसुद्धा मला दुष्टपणाचं वाटलं. दैनिकात मी फोटोतल्या माणसाच्या शर्टाची सुरकुतीही कधी पुसू दिली नव्हती. इथे मी फिरोजला सांगितलं, "कान नीट कर."

फिरोजने उजव्या बाजूच्या फोटोतला उजवा कान बुगडीसकट उचलला, उलटा केला आणि डावीकडे बसवला. दोन रात्री त्याने त्यावर घालवल्या. कानामागची सावलीसुद्धा त्याने केसागणिक जुळवली.

"मॅडम, एक विचारू?" तो म्हणाला. "आमच्या मामाचे दोन्ही कान असे आहेत. त्याला कुणी हा कान दिला तर तो मला धरून आपटेल."

"मामा बुगडी घालत नाही," मी म्हणाले.

मंगळवारी, २० तारखेला, आम्ही नमुना घेऊन दुकानात गेलो. तीन फूट बाय दोन फूट. घटस्थापनेला फलक लागायचा होता, म्हणजे छपाईला दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायला हवं होतं. सकाळचे अकरा, गिऱ्हाईक नव्हतं. अण्णासाहेब गादीवर बसले होते, त्यांच्या उजव्या हाताला ऊर्मिला, तिच्या पलीकडे मी आणि माझ्या मागे घरघरणारा पंखा. नमुना फिरोजने समोरच्या भिंतीशी, गिऱ्हाइकांना गळ्यातलं घालून बघायला लावलेल्या मोठ्या आरशाच्या खाली टेकवून ठेवला.

आक्का लेकीच्या डाव्या बाजूला बसायला आली, तर ती जागा अण्णासाहेबांची. ती क्षणभर उभी राहिली आणि मग नमुन्याकडे गेली. आमच्याकडे पाठ करून, अगदी जवळ उभी राहिली. मग तिने हात पुढे केला आणि फोटोतल्या कानावरून बोट फिरवलं, लहान मुलाच्या अंगावरचं काही पुसावं तसं.

"ह्याचा ल्हान फोटो मिळंल का मला?" तिने मागे न बघता विचारलं.

मला आनंद झाला. मी म्हणाले, "एक का, चार देऊ."

अण्णासाहेबांनी डोळ्याला भिंग लावलं. ते उठले नाहीत, नमुना जवळ आणायला लावून त्यांनी बुगडी पाहिली, तो परत जागेवर ठेवायला लावला आणि म्हणाले, "साळवीबाई, ही डाव्या कानातली बुगडी माझी नाही."

"तुमचीच आहे अण्णा. त्या दिवशी तुम्हीच दिलीत."

"आहे, पण उजव्या कानातली. डावीतला तिसरा मोती जरा पिवळा आहे. बदलायचा म्हणून दोन वर्षं राहिलाय. इथे पांढरा आहे." भिंग त्यांनी खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही उजवीच डावीकडे लावलीत. का?"

खोटं बोलायला वेळ होता, पण मी सांगून टाकलं. डावा कान कुस्तीत मोडला आहे, बुगडी बसत नव्हती, मुलीला अवघड वाटू नये म्हणून आम्ही दुसरा लावला, तुम्हाला सांगायला हवं होतं.

"सांगायला हवं होतं," ते म्हणाले. मग मान वळवून ऊर्मिलाला, "पोरी, बघू कान."

ऊर्मिला आईकडे बघत होती. हलली नाही.

"ऊर्मिला. कान दाखव बाळ."

ती तशीच. मला वाटलं, बिचारी लाजून बसली आहे. मी तिच्या वतीने काहीतरी म्हणणार होते, पण अण्णासाहेबांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचा चेहरा बदलला होता. रागाचा नव्हता. भिंगातून हिरा बघताना होतो तसा झाला होता. त्यांनी हळूच खण उघडला, पितळी डबी काढली, ऊर्मिलाच्या डाव्या कानाच्या मागे, वीतभर अंतरावर धरली आणि खुळखुळवली.

पंख्याच्या घरघरीतही मला आवाज स्वच्छ आला. दाराशी उभ्या फिरोजला आला, त्याने वळून पाहिलं. ऊर्मिला वळली नाही.

अण्णासाहेबांनी पुन्हा एकदा वाजवली. मग माझ्याकडे पाहिलं, डबी खणात ठेवली आणि खण लोटला. आक्का अजून पाठमोरीच होती.

त्यांनी ऊर्मिलाच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली. ती दचकून पूर्ण फिरली, उजवा गाल पुढे करून. "काय म्हणालासा अण्णा?"

बुधवारचं सगळं फोटोशूट तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. फिरोज बोलला की ही वळायची. कान लपवायला नव्हे. ऐकायला.

"म्हटलं, हा फोटो रद्द," अण्णासाहेब आता जरा मोठ्याने म्हणाले. "परत काढायचा. तुझ्या कानाचा."

"का वं?" आक्काने आता वळून विचारलं. "चांगला तर आलाय की."

"आलाय चांगला. पण हा कान मी टोचलेला नाही."

मी ऊर्मिलाकडे पाहिलं. तिने खांदे सैल सोडले होते.

"बरं झालं," ती म्हणाली. "म्या कसं सांगावं तेच कळंना. ताईंनी एवढं केलंय. पण अण्णा, ह्यो फोटो चौकात लागला तर तालमीत पोरी मला जगू द्यायच्या न्हाईत. म्हणतील, ऊर्मी पार्लरात जाऊन कान सरळ करून आली."

फिरोज दाराशी खोकला. मला तो खोकला कळला.

अण्णासाहेबांनी फूटपट्टी घेतली नाही. एक दोरा घेतला आणि तिच्या कानाच्या कडेभोवती फिरवून माप काढलं, वर एकदा, मध्ये एकदा. "तार वापरता येणार नाही. मागून रुंद पट्टी लागेल," ते स्वतःशी पुटपुटले. "शनिवारी तयार होईल. फोटो शनिवारी."

"छपाई?" मी विचारलं.

"छपाई थांबेल. पेपरात शेवटच्या क्षणी बातमी आली तर तुम्ही काय करत होता?"

मायलेकींना एस.टी.ला वेळ होता. आक्का देवीला जाऊन येते म्हणाली. मी ऊर्मिलाला समोरच्या हॉटेलात चहाला नेलं आणि आठवणीने तिच्या उजव्या बाजूला बसले. तिच्या ते लक्षात आलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिने कपातल्या सायीवर फुंकर मारली. "फेब्रुवारीपासनं. आत सूज आली, भोक बुजत गेलं. आता नुसतं घुमल्यागत येतंय."

"कुणाला ठाऊक आहे?"

"तुम्हाला. आणि अण्णांना, आत्ता. डबी वाजवली नव्हं? तुमचं तोंड बघून कळलं मला."

"आबांना नाही? ते तुला लढतीत कोपऱ्यातून सांगतात ना?"

"त्यास्नी सांगितलंय, माझ्या उजवीकडच्या कोपऱ्यात बसा, मला लकी हाय. बसत्यात बिचारं." ती हसली आणि लगेच थांबली. "ताई, आईला सांगू नका. कान गेला म्हणून कळलं तर ती दसऱ्याची बी वाट बघायची न्हाई. आजच्या आज बंद."

"डॉक्टर?"

"डॉक्टरकडं गेलं तर घरात कळतंय."

मी म्हटलं, "मला वाटलं होतं, तू कान दिसू नये म्हणून वळतेस. लाजतेस."

मी काहीतरी अडाणी बोलल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "लाजू? ताई, ह्यो कान करायला चार वर्सं लागली मला. समोरची बाई हात मिळवताना आधी कान बघती. ह्यो बघितला की अर्धी गार हुती."

मी दोघींना एस.टी.त बसवून परत दुकानात आले. अण्णासाहेब दोऱ्याचं माप कागदावर उतरवत होते.

"कळलं का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, फेब्रुवारी, सूज, आईचा धाक. मग विचारलं, "डबीवरून तुम्हाला कसं कळलं?"

"पन्नास वर्षं वाजवतोय. जे पोर वळत नाही ते मला आठवतं. दोन होती. त्यांच्या आयांना मीच सांगितलं, डॉक्टरला दाखवा." त्यांनी पेन्सिलीचं टोक पाहिलं. "ही आठवत नाही. म्हणजे वळली होती. कान मी दिला तेव्हा चालू होता."

"मग तिच्या आईला का नाही सांगितलं?"

"ती तान्ही होती का? तिला तोंड आहे. सांगायचं तेव्हा ती सांगेल." कागद बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण कान तोवर थांबणार नाही. तुमच्या त्या करारात कलमं किती आहेत?"

"सहा."

"सातवं लिहा."

मी पेन काढलं. बातमी सांगावी तसं त्यांनी सांगितलं आणि मी भाषा घट्ट केली. ते कलम मला अजून पाठ आहे: "ज्या कानावर दुकानाचा दागिना प्रसिद्ध होईल, त्या कानाची निगा दुकानाकडे राहील. खेळाडूने दर तीन महिन्यांनी दुकान ठरवेल त्या कानाच्या डॉक्टरकडे तपासणी करावी, डॉक्टर सांगतील ते उपचार घ्यावेत आणि सरावाच्या वेळी कानाचं गार्ड लावावं. यात कसूर झाल्यास करार रद्द."

"वकील हसतील," मी म्हणाले.

"हसू देत. नटीच्या करारात केस किती लांब ठेवायचे तेही लिहितात म्हणे. माझ्या करारात कान आहे."

शनिवारी सह्या झाल्या. आबा आले होते. त्यांनी करार उलटासुलटा पाहिला आणि आक्काकडे दिला, कारण घरात सातवीपर्यंत शिकलेली तीच. पण चष्मा नव्हता, म्हणून मी मोठ्याने वाचला. सातव्या कलमाला मी मुद्दाम वेग वाढवला.

"त्ये सातवं परत वाचा," आक्का म्हणाली.

मी वाचलं.

"गार्ड म्हणजे?" आबा म्हणाले. "गार्ड लावून कुठं कुस्ती हुती का? आमच्या काळी..."

"तुमच्या काळाचं राहू द्या," आक्का म्हणाली आणि तिने पेन मागून घेतलं. आधी तिने सही केली, मग आबांसमोर कागद सरकवला.

ऊर्मिलाने माझ्याकडे बघायचं टाळलं. नवी बुगडी त्या कानावर पहिल्याच झटक्यात बसली. फिरोजने डावी बाजू घेतली. या वेळी तो बोलला नाही, हाताने खुणा करत होता, आणि ती एकदाही वळली नाही.

मी फलकासाठी अकरा ओळी लिहून नेल्या होत्या. अण्णासाहेबांनी अकराही खोडल्या. म्हणाले, "लोक कान बघतील की वाचत बसतील?" खाली फक्त छापलं: ऊर्मिला खराडे, हसूरवाडी. आणि दुकानाचं नाव. फलक घटस्थापनेच्या ऐवजी तीन दिवस उशिरा, एक ऑक्टोबरला लागला.

त्याने काय झालं, तर शोरूम बंद वगैरे पडली नाही. ती अजून चालते. पण शहरातले पैलवान त्या चौकातून जाताना सायकली थांबवत, आणि दुकानात बायका येऊन "त्या पैलवान पोरीची बुगडी" मागत. अण्णासाहेब प्रत्येकीला आधी विचारत, "तुमचा कान मोडलाय का? मग साधी घ्या." मिरजेच्या डॉक्टरांनी डिसेंबरात शस्त्रक्रिया करून कानाची वाट मोकळी केली. घरात सांगितलं गेलं ते असं: दुकानाचा नियम आहे, कान साफ करायचा आहे. ऐकू बऱ्यापैकी आलं, पूर्ण नाही. ऊर्मिला त्यानंतर पाच वर्षं खेळली. दोन वर्षांचा करार दोनदा वाढला. सातवं कलम प्रत्येक वेळी तसंच राहिलं.

मी ही गोष्ट इतकी वर्षं माझ्या हुशारीची म्हणून मनात ठेवली होती. एका आईला न कळता तिच्या मुलीचा कान आम्ही कसा वाचवला, अशी. ती मला दुरुस्त करावी लागली, २०१९ च्या फेब्रुवारीत.

ऊर्मिला आता कागलला मुलींना कुस्ती शिकवते. तिने फोन करून सांगितलं, लेकीचे कान टोचायचे आहेत, तुम्ही या. अण्णासाहेब ऐंशीला आले होते, पण त्या दिवशी ते मुद्दाम गादीवर बसले होते. चार महिन्यांची मुलगी ऊर्मिलाच्या मांडीवर होती. ऊर्मिलाच्या डाव्या हाताला, सवयीने, आक्का.

अण्णासाहेबांनी खणातून तीच डबी काढली. बाळाच्या डाव्या कानापाशी खुळखुळवली. बाळाने मान वळवली. त्यांनी तार उचलली.

"थांबा," आक्का म्हणाली. "आता उजवीकडनं वाजवा."

"उजवीकडून कशाला?" अण्णासाहेब म्हणाले. "वळली की ती."

"एका कानानं बी वळत्यात. माझी सात महिनं वळत हुती."

ऊर्मिलाने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. मी सांगितलं नव्हतं.

"आक्का," मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही फोटो बघत होता."

"फोटोच बघत हुते. वर आरसा न्हवता का?" तिने नातीचं टोपरं सारखं केलं. "आणि डबीनं काय नवीन सांगितलं? शेजारी झोपती माझ्या. डाव्या कुशीवर असली की हाक ऐकू येती, उजव्या कुशीवर न्हाई. आईला कळत न्हाई व्हय?"

"मग दसऱ्याची मुदत..." ऊर्मिला म्हणाली.

"एक कान गेला हुता. दुसरा जाईस्तोवर गप बसू? तू सांगणार न्हाईस, तुझा बा ऐकणार न्हाई. कुणीतरी बघणारं पायजे हुतं." आक्का अण्णासाहेबांकडे वळली. "वाजवा की अण्णा."

अण्णासाहेबांनी डबी दुसऱ्या हातात घेतली. ती बाळाच्या उजव्या कानापाशी वाजवली. बाळाने उजवीकडे मान फिरवली आणि डबीकडे टक लावून पाहिलं.

"आता टोचा," आक्का म्हणाली.